काथ्याचा अंगरखा

शाळेच्या दाराशी पाय पुसण्यासाठी काथ्याची जी जाड चटई टाकलेली असते, तिच्यावरून रोज शेकडो पाय जातात. परंतु तिच्याकडे निरखून पाहणारे विरळाच. ती एकवार हाताने चाचपून पाहावी. प्रत्येक तंतू ताठ, किंचित पीळदार आणि शेजारच्या तंतूला इतका खेटून उभा की, बोटांनी बाजूला सारले तरी तळ दिसू नये. चिखल तिच्यावर पडतो, वाळतो, आणि चटई झटकली की गळून जातो. वाचकांस आश्चर्य वाटेल. पण सातासमुद्रापलीकडच्या एका कुत्र्याचे वर्णन करताना तिकडील जाणकारांनी नेमकी हीच उपमा योजिली आहे. वायर फॉक्स टेरियर या जातीचे जे प्रमाणभूत वर्णन अमेरिकेत मानले जाते, त्यात उत्तम कुत्र्याचे केस काथ्याच्या चटईसारखे असावेत, असे म्हटले आहे. नारळाच्या सोडणाशी जन्माची ओळख असलेल्या आम्हां गोमंतकीयांना त्या परक्या प्राण्याविषयी कुतूहल वाटावयास एवढे कारण पुरे आहे.

या कुत्र्याच्या केसांची निगा कशी राखावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय. शालेय वार्षिकात असा विषय कशाला, असे कोणी विचारील. अलीकडे आपल्या शहरांतूनच नव्हे, तर खेड्यांतूनही परदेशी जातींची कुत्री दिसू लागली आहेत. पिल्लू घेताना त्याची किंमत, वंशावळ, डोळ्यांचा रंग या साऱ्यांची कसून चौकशी होते. मात्र त्याच्या अंगावरच्या केसांना वर्षभर काय लागेल, हे विचारणारा क्वचितच भेटतो. पुढे त्या अज्ञानाची किंमत मालक देत नाही, कुत्रा देतो. आणि तो मुका असल्यामुळे ती किंमत किती मोठी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

प्रथम या केसांचा जन्म कोणत्या गरजेतून झाला ते पाहू. ‘टेरियर’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘टेरा’ म्हणजे भूमी या शब्दावरून आला आहे. जमिनीत शिरणारा तो टेरियर. इंग्लंडातील शिकारीत मोठ्या कुत्र्यांचा कळप खोकडाच्या मागे धावे. (इंग्रजी गोष्टींतील ‘फॉक्स’चे भाषांतर आपण सर्रास ‘कोल्हा’ असे करतो, ते बरोबर नव्हे. कोल्हा हा ‘जॅकल’. फॉक्स म्हणजे खोकड. विद्यार्थ्यांनी हा भेद लक्षात ठेवावा.) खोकड बिळात शिरले की मोठ्या कुत्र्यांचा उपाय हरे. मग हा लहानखुरा कुत्रा बिळात सोडीत. तो आत जाई, भुंकून भुंकून खोकडाला हैराण करी आणि बाहेर पडावयास लावी. वजन सुमारे ८ किलो, खांद्यापाशी उंची ३९ सेंटिमीटरांच्या आत, छाती बिळात मावेल इतकी अरुंद, आणि धैर्य मात्र देहाच्या चौपट, असा हा प्राणी.

बिळाची वाट सरळ नसते. तोंडाशी काटेरी जाळ्या, आत चिखल, वर थंड पाऊस. तुळतुळीत केसांच्या कुत्र्याचे अंग काट्यांनी ओरबाडून निघे. लोकरीसारख्या मऊ केसांच्या कुत्र्याच्या अंगात चिखलाचे गोळे अडकत, आणि भिजला की तो लवकर वाळत नसे. जो कुत्रा काट्यांतून धडधाकट परतला आणि वाळलेला चिखल अंग झाडून टाकून पुन्हा कामाला उभा राहिला, त्याचीच पिल्ले शिकाऱ्यांनी राखली. वेल्स, डर्बीशर आणि डरॅम या भागांतील काळ्या-तांबूस रंगाचे राठ केसांचे जुने टेरियर हे या जातीचे पूर्वज मानले जातात. जॅक रसेल नावाच्या एका शिकारवेड्या धर्मोपदेशकाने १८१९ मध्ये, ऑक्सफर्डला विद्यार्थी असताना, एका दूधवाल्याकडून राठ केसांची पांढरी कुत्री विकत घेतली, आणि तिच्यापासून आपला प्रसिद्ध वंश वाढविला, ही हकीकत इंग्लंडात आजही आवडीने सांगितली जाते. हेच गृहस्थ पुढे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या केनेल क्लब या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते.

त्यानंतर या कुत्र्याचे दिवस पालटले. बिळातून तो राजवाड्यात गेला. सातव्या एडवर्ड राजाचा लाडका सीझर हा याच जातीचा. १९१० मध्ये राजाच्या अंत्ययात्रेत शवपेटीच्या मागे आणि जमलेल्या राजेमहाराजांच्या पुढे तो चालला, आणि त्यामुळे काही राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टिनटिनच्या चित्रकथा वाचणाऱ्या मुलांना त्याचा शुभ्र, चलाख सोबती ठाऊक आहेच. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांनी १९२९ मध्ये रेखाटलेला तो कुत्राही वायर फॉक्स टेरियरच. इकडे ज्या शिकारीने त्याला घडविले, ती कुत्र्यांचा कळप घेऊन करावयाची खोकडाची शिकार इंग्लंड व वेल्समध्ये २००४ च्या कायद्याने बंद झाली. काम गेले, पण कामासाठी मिळालेला अंगरखा अंगावर राहिला. खरी अडचण येथूनच सुरू होते.

हा अंगरखा दुपदरी आहे. वरचे केस राठ, ताठ व किंचित मुरडलेले. खांद्यावर सुमारे २ सेंटिमीटर, तर पाठीवर व बरगड्यांवर ४ सेंटिमीटरांपर्यंत लांब. त्यांच्या बुडाशी आखूड, मऊ, दाट लव. वरचा पदर काटे आणि पाणी अडवितो, आतला पदर ऊब राखतो. राठ केस टोकापासून मुळापर्यंत सारखा नसतो. वरचा भाग जाड, कडक व रंगाने गडद असतो. मुळाकडे तो बारीक, मऊ व फिकट होत जातो. ही एवढी गोष्ट वाचकांनी मनाशी धरून ठेवावी, कारण पुढचा सारा विचार तिच्यावरच उभा आहे.

केसांचा हा राठपणा कोठून येतो, याचाही शोध आता लागला आहे. २००९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऐंशी जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची तपासणी करून संशोधकांनी असे दाखविले की, कुत्र्यांच्या केसांत जी इतकी विविधता दिसते, तिच्यापैकी बहुतेक केवळ तीन जनुकांच्या निरनिराळ्या जुळणीतून उत्पन्न होते. एक केसांची लांबी ठरविते, दुसरे कुरळेपणा, आणि तिसरे राठपणा व त्याबरोबर येणाऱ्या दाढी-मिशा व जाड भुवया. या तिसऱ्याचे नाव आर-स्पॉन्डिन-२. दाढी आणि राठ केस ही जोडी एकत्र का आढळते, हे त्यावरून कळते. इतका अवाढव्य फरक इतक्या थोड्या कारणांतून यावा, याचे आम्हांस मोठे नवल वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कोणताही केस जन्मभर वाढत नाही. काही काळ तो वाढतो, मग वाढ थांबते, मग त्याचे मूळ सैल होते, आणि त्याच्या खालून नवा केस डोके वर काढतो. पुष्कळ कुत्र्यांचे जुने केस आपोआप गळतात. घरातील सतरंजीवर त्यांचा पुरावा सापडतो. राठ केसांच्या कुत्र्याचे तसे नाही. त्याचा केस मरतो, मुळाशी सैल होतो, पण सहसा गळत नाही. दाट गर्दीत तेथेच अडकून राहतो. रानात हिंडणाऱ्या कुत्र्याचे असे केस काटेरी जाळ्या ओढून काढीत असत. घरात गादीवर लोळणाऱ्या कुत्र्याला ती जाळी कोठून मिळणार? काट्यांचे ते काम आता माणसाच्या बोटांनी करावयाचे असते.

इंग्रजीत या कामाला जे नाव आहे, त्याला आपल्याकडे रुळलेला शब्द नाही. ‘उपटणे’ म्हटले की क्रूरपणा वाटतो, ‘कापणे’ तर मुळीच चालणार नाही. वऱ्हाड-खानदेशात बोंड उकलल्यावर कापूस हाताने काढतात, त्याला वेचणी म्हणतात. जे पिकले तेवढेच घ्यावयाचे, कच्च्याला हात लावावयाचा नाही, हा वेचणीचा अर्थ येथे तंतोतंत लागू पडतो. म्हणून या लेखापुरता आम्ही तोच शब्द वापरतो.

वेचणीऐवजी यंत्राने केस कापले तर काय बिघडते? तासाभरात काम होते, कुत्रा गोंडस दिसतो. परंतु कापल्याने केसाचा वरचा जाड, कडक, रंगदार भाग जातो आणि मुळाकडचा मऊ, फिकट भाग अंगावर राहतो. मेलेला केस मुळातून निघत नाही. तो आपली जागा अडवून बसतो. अशी कापणी वारंवार झाली की पाठ राठ न राहता मऊ होते, काळा रंग राखेसारखा पडतो, तांबूस रंग पिवळट होतो, लव माजते, आणि काथ्याच्या चटईचा कापसाचा गोळा होतो. रूप गेले एवढ्यावर हे थांबत नाही. जो पदर पाणी आणि घाण अडवीत होता तोच नाहीसा झाल्यामुळे अंगाचे रक्षण कमी होते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या घरी या जातीचा कुत्रा आहे. त्याला शहरातील एका दुकानात नेऊन वर्षभरात तीन वेळा यंत्र फिरविले गेले. प्रत्येक वेळी कुत्रा टापटीप होऊन आला. दर वेळी पाठीवरचे काळे खोगीर मात्र थोडे अधिक भुरकट झाले. पावसाळा लागला तसा तो भिजला की दुपारपर्यंत वाळेना. कातडीला ओल राहून लाल चट्टे उठले, आणि बिचारा रात्रभर अंग चावू लागला. पशुवैद्यांनी औषध दिले आणि यंत्र बंद करा म्हणून सांगितले. त्या मुलाने मग वेचणीची माहिती मिळविली, पायरीवर बसून प्रयोग आरंभिला, आणि पहिल्याच दिवशी कुत्र्याने त्याच्या हातातून अंग सोडवून घेतले. घरातील वृद्ध आजी दारातून हे पाहत होत्या.

“अरे, हिसडे कशाला देतोस?” त्या म्हणाल्या. “पाडाचा आंबा हात लागताच येतो. जो येत नाही तो कच्चा. त्याला राहू दे झाडावर.”

“पण आजी, वाट तरी किती बघायची?”

“पाड लागेपर्यंत. सुणें कुठे पळून जात नाही.”

(‘सुणें’ हा आमच्या कोंकणीतील कुत्र्याचा शब्द, संस्कृत ‘शुनक’ शब्दाशी त्याचे नाते आहे.) आजींनी वायर फॉक्स टेरियरविषयी एक अक्षर वाचलेले नव्हते, आणि तरीही या विद्येचे वर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले. त्या मुलाने चार महिने वाट पाहिली. केस लांब झाले, पाठीवर मधोमध भांग पडल्यासारखे दुभंगले, आणि एके दिवशी चिमटीत धरताच निघू लागले. तिसऱ्या खेपेनंतर, म्हणजे सुमारे दीड वर्षाने, पाठीवर पुन्हा काळे खोगीर दिसू लागले. प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत इतकी भरपाई होईलच असे नाही. काहींचे केस कायमचे मऊ राहतात.

वेचणीची रीत अशी. केसांना पाड लागला आहे की नाही, हे आधी पाहावे. पाठीवरचे पाच-सहा केस टोकाशी चिमटीत धरून हलकेच ओढावेत. ते सहज आले, आणि कुत्र्याने मान वळवूनही पाहिले नाही, तर वेळ झाली. अडले तर दोन आठवडे थांबावे. निघालेल्या केसाचे मूळ न्याहाळावे. ते कोरडे व बारीक असेल तर केस मेलेलाच होता. वेचणीपूर्वी दोन-चार दिवस कुत्र्याला न्हाऊ घालू नये, कारण धुतलेले केस मऊ व निसरडे होतात आणि चिमटीत ठरत नाहीत. बारीक तारांच्या ब्रशाने व नंतर फणीने गुंता सोडवून घ्यावा. फणी कातडीपर्यंत पोहोचली पाहिजे, वरवर फिरवून भागत नाही.

बसण्याची जागा उजेडाची असावी. आमच्याकडील जुन्या घरांचे बल्कांव यासाठी फार सोयीचे. मेजावर उभे करावयाचे असल्यास पायांखाली गोणपाट टाकावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाय घसरू लागले की कुत्रा घाबरतो, आणि एकदा घाबरला की पुढच्या वेळी मेज पाहूनच पळतो. बोटांना पकड यावी म्हणून केसांवर खडूची पूड चोळतात. आम्हां शिक्षकांना ही वस्तू विकत आणण्याची गरज नाही! डाव्या हाताने कातडी जवळच ताणून धरावी. उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांत अगदी थोडे केस टोकाकडून धरावेत आणि केस ज्या दिशेने झुकले असतील त्याच दिशेने सरळ ओढावेत. ओढ खांद्यापासून यावी. मनगट वळवू नये. मूठभर केस एकदम धरण्याचा मोह आवरावा. नवशिक्यांनी बोटांवर पातळ रबरी टोप्या चढवाव्यात. या कामासाठी दातेरी सुरी मिळते, पण ती कापण्यासाठी नसून केवळ पकडण्यासाठी असते, आणि म्हणून ती बोथटच असावी लागते. धारदार सुरी केस मधूनच तोडते, आणि मग ती सुरी आणि ते यंत्र यांत फरक उरत नाही.

मानेच्या मागून आरंभ करून पाठ, कुशी, मांड्यांची बाहेरची बाजू असा क्रम ठेवावा. पायांवरचे केस व दाढी ही या कुत्र्याची शोभा. तेथे फक्त पुढे आलेली टोके वेचून आकार राखतात. पोट, जांघा, गळ्याची खालची बाजू, कानाच्या कडा या ठिकाणची कातडी फार नाजूक असते. तेथे वेचणीचा हट्ट धरू नये, बोथट टोकाची कात्री वापरावी. सबंध कुत्र्याला कित्येक तास लागतात. ते एका बैठकीत उरकण्याची घाई कशाला? अर्धा तास काम करावे, हिंडवून आणावे, उरलेले उद्या करावे.

हे दुखत नाही का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. पाडाला आलेला केस ठिकठाक ओढला तर दुखत नाही. पुष्कळ कुत्री या वेळी डुलक्या घेतात. कच्चा केस ओढला, किंवा नाजूक जागी ओढला, तर निश्चित दुखते. कुत्रा ते बोलून दाखवीत नाही, पण सांगतो. तो ओठ चाटतो, कान मागे पाडतो, अंग आखडतो, हाताकडे मान वळवतो. कातडी लालसर दिसू लागते. यांपैकी एकही खूण दिसली की हात थांबलाच पाहिजे. कुत्र्याला बांधून, दाबून धरून वेचणी उरकणारे लोक आहेत; त्यांना राठ केस राखण्याची हौस असेल, पण कुत्रा राखण्याची पात्रता त्यांच्या अंगी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पूर्ण वेचणी झाली की अंगावर केवळ लव उरते आणि कुत्रा ओळखू येत नाही. नवा राठ केस यावयास आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर दुपारच्या उन्हात त्याला मोकळे सोडू नये. पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि ती उन्हाने भाजते. घरगुती कुत्र्याला वर्षातून दोन वेळा अशी वेचणी पुरते.

दुसरीही एक रीत आहे, आणि आम्हांस ती अधिक आवडते. एकाच माडावर उमलती पोय, कोवळी शहाळी आणि पक्के नारळ अशा सर्व अवस्था एकाच वेळी नांदत असतात; पाडेली वर चढतो आणि पक्का झालेला घड तेवढा उतरवितो, माड कधी उघडाबोडका होत नाही. तद्वत दर आठवड्याला बसून सर्वांत लांब झालेले केस तेवढे वेचीत राहिले, तर काही महिन्यांनी अंगावर सर्व वयांचे केस तयार होतात आणि कुत्रा बारमाही नीटनेटका राहतो. यात दर आठवड्याचा नेम चुकवून चालत नाही, म्हणून आळशी मालकाने या वाटेस जाऊ नये.

यंत्र सर्वथा वर्ज्य आहे काय? नाही. कुत्रा म्हातारा झाला, सांधे दुखू लागले, तासन्‌तास उभे राहवेना. किंवा त्वचेचा रोग जडला. किंवा नसबंदीनंतर केस कापसासारखे होऊन चिमटीत येईनासे झाले, तर यंत्र लावण्यातच दया आहे. अशा कुत्र्याचे केस मऊ झाले म्हणून कोणी नाक मुरडू नये.

प्रदर्शनांतील कुत्र्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क येथील वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात सर्वोत्तम कुत्र्याचा मान या एका जातीने २०१९ पर्यंत पंधरा वेळा मिळविला. इतका मान दुसऱ्या कोणत्याही जातीला मिळालेला नाही. तेथे दिसणारा रेखीव चौकोनी चेहरा आणि खांबासारखे सरळ पाय ही निसर्गाची करणी नव्हे. महिनोन्‌महिने, अंगाचा एकेक भाग निरनिराळ्या आठवड्यांत वेचून, सर्व केस ठरल्या दिवशी हव्या त्या लांबीवर आणण्याचे ते कसब आहे. कसब म्हणून त्याचे कौतुक जरूर करावे. परंतु केसांचा रंग, पोत किंवा भरदारपणा बदलणारा कोणताही पदार्थ कुत्र्याच्या अंगावर राहू देऊ नये, असा इंग्लंडच्या केनेल क्लबला नियम करावा लागला, यावरून हौस कोठवर जाते हे समजावे. खडूची पूडसुद्धा झाडून टाकावी लागते.

आपल्या किनारपट्टीच्या हवेत आणखी काही पथ्ये पाळावी लागतात. पावसात भिजून आलेला कुत्रा पंचाने दाबून टिपावा, घासू नये. घासल्याने केसांचा गुंता होतो. लव मुळापर्यंत कोरडी झाली की नाही हे बोटांनी केस दुभागून पाहावे. समुद्रावर खेळून आला तर मीठ आणि रेती गोड्या पाण्याने धुऊन काढावी. माणसांचा साबण वापरू नये, कारण कुत्र्याची त्वचा आपल्या त्वचेहून वेगळी असते; आणि वरचेवर न्हाऊ घातल्यास राठपणा कमी होतो, हेही आहेच. जेवण झाले की दाढी ओल्या फडक्याने पुसावी, नाहीतर तिला आंबूस वास येतो. पावसाळा सरता सरता गवताला कुसळे धरतात. ती पायांच्या बोटांमध्ये आणि कानात शिरतात व आत आत सरकत जातात, म्हणून फिरून आल्यावर तेथे रोज पाहावे. गोचिडांचे तर विचारूच नये. दाट राठ केसांत त्या दिसत नाहीत, हाताला लागतात. कानांच्या घडीत, गळपट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत त्या दडतात, आणि त्यांच्या चाव्यातून कुत्र्यांना रक्ताचे जीवघेणे ताप येतात. कुत्रा एकाएकी मलूल झाला, खाईनासा झाला, हिरड्या फिकट दिसल्या, तर घरगुती उपाय करीत न बसता त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. दर आठवड्याच्या वेचणीचा येथे मोठा उपयोग होतो. बोटे कातडीवरून फिरत असल्यामुळे गोचीड, गाठ, जखम यांतील काहीही फार दिवस लपून राहत नाही.

शेवटी, वेचलेल्या केसांचे काय करावे? पुष्कळ ठिकाणी ते अंगणात टाकतात आणि पक्षी घरट्यासाठी नेतात. मुलांना त्याची गंमतही वाटते. परंतु कुत्र्याला गोचिडांचे औषध लावीत असाल, तर तसे करू नये. इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी १०३ घरटी तपासून २०२५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत पाळीव प्राण्यांना लावावयाच्या एका कीटकनाशकाचा अंश प्रत्येक घरट्यात सापडला. आणि ज्या घरट्यांत कीटकनाशकांचे प्रमाण अधिक, त्यांत न उबलेली अंडी व मेलेली पिल्लेही अधिक आढळली. तेव्हा असे केस कागदात गुंडाळून केरात टाकावेत.